समिती नेमली, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार कोणाकडे करावी, ती ऐकणारी समिती कशी नेमावी आणि नेमल्यावर ती कशी चालवावी, याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पाचही मराठवाड्यातील आहेत. पत्रलेखकांची किंवा त्यांच्या संस्थांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे आणि लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेचे वरिष्ठ महाविद्यालय लातूर शहरात असून औसा तालुक्यात एक माध्यमिक शाळा आणि मुलींचे वसतिगृह आहे. महाविद्यालयात ‘विशाखा समिती’चा फलक लावलेला आहे, परंतु ती समिती २०१६ साली नेमली होती आणि तीतील दोन मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या. आता नवी समिती नेमायची आहे. अध्यक्षसाहेबांच्या सूनबाई उच्चशिक्षित आहेत. त्यांनाच समितीचे प्रमुख करावे, म्हणजे घरची गोष्ट घरात राहील, असे साहेबांचे म्हणणे आहे. तिन्ही ठिकाणांसाठी मिळून एकच समिती चालेल का? पहिल्यापासून सांगावे. — सचिव, लातूर जिल्हा

उत्तर : सचिव महोदय, ‘घरची गोष्ट घरात’ राहू नये म्हणूनच हा कायदा झाला आहे, हे अध्यक्षसाहेबांना सांगण्याचे अवघड काम आपल्याकडे आले आहे. त्यासाठी लागणारा आधार देते.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार (तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे) अंतर्गत समितीची, म्हणजे आपण जिला ‘विशाखा समिती’ म्हणता तिची, प्रमुख ही त्याच ठिकाणी नोकरीत असलेली, वरिष्ठ पदावरील महिला असावी लागते. सूनबाई संस्थेच्या नोकरीत नसतील तर त्या प्रमुख होऊ शकत नाहीत, आणि नोकरीत असल्या तरी संस्थाचालकांच्या घरातील व्यक्तीसमोर एखादी कंत्राटी लिपिक तोंड उघडेल, असे मला वाटत नाही. ‘बाहेरच्या सदस्य’ म्हणून त्यांना बसवण्याचा मार्ग काही संस्था शोधतात; तोही बरोबर नाही. बाहेरची सदस्य ही महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील किंवा या विषयाची जाण असलेली व्यक्ती असावी, असे कायद्यात म्हटले आहे. संस्थेच्या हिताशी जिचे हित जोडलेले नाही, अशी एक तरी व्यक्ती टेबलाशी असावी, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

प्रमुख महिला, कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य आणि बाहेरची एक व्यक्ती, अशी किमान चार जणांची समिती होते. त्यांतील निम्म्या तरी महिला असाव्या लागतात. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, त्यामुळे आपला २०१६ चा फलक फार पूर्वीच कालबाह्य झाला आहे. तो आजच उतरवा, कारण चुकीच्या नावांचा फलक हा फलक नसण्यापेक्षा वाईट असतो; निवृत्त झालेल्या मॅडमच्या घरी तक्रार घेऊन गेलेली एक मुलगी मला माहीत आहे. वरिष्ठ महाविद्यालयाला याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम लागू आहेत. त्यांत विद्यार्थिनींच्या तक्रारीही येतात, शिक्षक आणि शिक्षकेतर अशा दोन्ही वर्गांतून प्रत्येकी दोन सदस्य घ्यावे लागतात आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. विभागप्रमुखांसारख्या वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना समितीत घेऊ नये, असेही त्यांत स्पष्ट आहे. प्राचार्यांना मी शाळा-महाविद्यालयांत कोठेही सदस्य करू देत नाही. समितीच्या अहवालावर निर्णय घेणे हे त्यांचे काम आहे, आणि अहवाल लिहिणारा व त्यावर निर्णय घेणारा हात एकच असू नये.

एकच समिती चालणार नाही. कार्यालये वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र समिती हवी. औशाच्या शाळेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर तिची समिती वेगळी असेल. शाळेत वरिष्ठ महिला नसेल तर महाविद्यालयातील वरिष्ठ महिलेला तिथे प्रमुख नेमता येते. तशी सोय कायद्यातच आहे. वसतिगृहाबद्दल एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर तिथे समितीने बैठक बोलावून ‘आधी खरे-खोटे करू’ म्हणत बसू नये. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार, म्हणजे पॉक्सोनुसार, ही माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि ती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

इतके झाले की आदेश निघतो, फलक लागतो, फोटो काढला जातो आणि बहुतेक संस्था थांबतात. मी काही समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते आणि माझा अनुभव असा की तक्रारीचे भवितव्य समितीच्या बैठकीत ठरण्याआधी झेरॉक्सच्या दुकानात ठरते. नियमानुसार तक्रारीच्या सहा प्रती, साक्षीदारांची नावे-पत्ते आणि कागदपत्रे द्यायची असतात. तालुक्याच्या गावात महाविद्यालयाच्या फाटकासमोर एकच झेरॉक्सचे दुकान असते. दुकानदार कागद यंत्रावर ठेवताना पहिली ओळ वाचतो, मागे रांगेत उभा असलेला विद्यार्थी दुसरी ओळ वाचतो, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट बसस्थानकापर्यंत पोहोचते. म्हणून आपल्या कार्यपद्धतीत पहिली ओळ ही लिहा : तक्रारदार महिलेकडून एकच प्रत घेतली जाईल आणि उरलेल्या प्रती समितीची सदस्य स्वतः, कार्यालयीन वेळेनंतर, स्वतःच्या हाताने काढेल. शिपायाच्या हाती तो कागद जाणार नाही.

दुसरी जागा म्हणजे आवक-जावक नोंदवही. एका संस्थेत (नाव सांगत नाही) मी ती नोंदवही पाहिली, तर ‘विषय’ या रकान्यात आवक लिपिकाने नेहमीच्या सुवाच्य अक्षरात तक्रारदाराचे नाव, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याचे नाव आणि ‘लैंगिक छळाबाबत’ असे लिहून ठेवले होते. लिपिकाचा काही दोष नव्हता. त्याला शिकवले होते तसे त्याने केले. ही नोंदवही कोणीही चाळत असे. अशा प्रकरणांतील व्यक्तींची ओळख, तक्रारीचा मजकूर आणि चौकशीची कार्यवाही माहितीच्या अधिकारातही देता येत नाही आणि गोपनीयता भंग करणाऱ्याला सेवानियमांत वेगळी तरतूद नसल्यास ५,००० रुपये दंड आहे. म्हणून समितीची नोंदवही वेगळी, प्रमुखांच्या कुलपातील असावी आणि बाहेरच्या नोंदवहीत ‘गोपनीय लिफाफा’ इतकेच लिहावे.

तक्रारपेटी लावायची की नाही, असा प्रश्न आपण विचारला नाही, पण नंतर विचाराल. कायद्याला पेटी लागत नाही. लेखी तक्रार लागते, आणि जिला लिहिता येत नाही तिला लिहून देण्याची जबाबदारी समितीवर आहे. मी उघडायला लावलेल्या एका पेटीत दोन रजेचे अर्ज, एक लग्नपत्रिका आणि गुटख्याची पुडी निघाली. पेटी सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या बरोबर खाली होती आणि त्या कॅमेऱ्याचे चित्र संचालकांच्या केबिनमध्ये दिसत होते. त्यापेक्षा समितीच्या प्रमुखांचा मोबाइल क्रमांक आणि एक स्वतंत्र ई-मेल पत्ता महिलांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे उभे राहून तो लिहून घेताना कोणी बघत नाही.

वेळापत्रक सांगते, ते प्रमुखांनी डायरीत लिहून ठेवावे. तक्रार आल्यावर सात कामकाजी दिवसांत तिची प्रत समोरच्या व्यक्तीला द्यावी. त्याने दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यावे. चौकशी ९० दिवसांत संपवावी. संपल्यावर दहा दिवसांत अहवाल द्यावा. आणि संस्थेने तो मिळाल्यापासून ६० दिवसांत त्यावर कृती करावी. चौकशीला प्रमुखांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. वकील कोणालाही आणता येत नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगवेगळ्या वेळी ऐकावे. प्राचार्यांच्या केबिनशेजारच्या काचेच्या दाराच्या खोलीत तर मुळीच ऐकू नये.

बाहेरच्या सदस्यांना नियमाप्रमाणे बैठकीच्या दिवशी २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च देय आहे. रक्कम वाचून आपल्याला हसू येईल, पण तो खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवा. नाहीतर दुसऱ्या बैठकीपासून बाहेरच्या बाईंना निरोप मिळत नाही आणि बैठक ‘घरच्यांचीच’ होते. दरवर्षी, कॅलेंडर वर्षाप्रमाणे, समितीने अहवाल संस्थेला आणि या कायद्यासाठी नेमलेल्या जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचा असतो. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर समितीची नोंदणीही करून घ्या. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश दिले आहेत. समिती न नेमणाऱ्याला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि चूक पुन्हा केली तर दंड दुप्पट होऊन परवाना किंवा नोंदणी रद्द होण्यापर्यंत वेळ येते. अध्यक्षसाहेबांना हे शेवटचे वाक्य आधी दाखवावे, असा माझा व्यवहारी सल्ला आहे.

जाता जाता, ‘विशाखा’ कोण, असे पुष्कळजण विचारतात. राजस्थानातील ज्या गटाने न्यायालयात याचिका केली त्याचे ते नाव. भटेरी गावात बालविवाह रोखायला गेलेल्या ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या महिला कार्यकर्त्या, भंवरी देवी यांच्यावर १९९२ मध्ये सामूहिक अत्याचार झाला. त्यातून ही याचिका आली आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा येईपर्यंत सोळा वर्षे त्यांवरच काम चालले, म्हणून ते नाव तोंडात बसले आहे. फलकावर मात्र ‘अंतर्गत समिती’ असे लिहा.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे. कायम कामगार फक्त सात. हंगामात ठेकेदाराकडून साठ-सत्तर माणसे येतात, त्यांत निम्म्या बाया कापूस निवडायला असतात. मालक म्हणतात, ‘आपण सातच आहोत, आपल्याला कायदा लागत नाही.’ खरे आहे का?

उत्तर : खरे नाही. कायम, तात्पुरते, रोजंदारीवरचे, ठेकेदारामार्फत आलेले, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणारेही कायद्याच्या दृष्टीने कर्मचारी आहेत. कामावर येणारी माणसे मोजायची असतात, हजेरीपटावरची कायम नावे नव्हेत. त्यामुळे आपल्या जिनिंगला समिती लागते.

अडचण वेगळीच आहे, आणि ती आपण पत्राच्या शेवटी पुसटशी लिहिली आहे : ‘वरिष्ठ बाई कोणीच नाही.’ अशा वेळी मालकांच्या दुसऱ्या युनिटमधील किंवा दुसऱ्या संस्थेतील वरिष्ठ महिलेला प्रमुख नेमता येते. गावात महिला बचतगटांचे जाळे चालवणारी संस्था असेल, तर तिथून बाहेरची सदस्यही मिळू शकते. कर्मचाऱ्यांतील सदस्य निवडताना मात्र मुकादमाची बायको घेऊ नका. दुपारी डबा खाताना बायका जिच्याभोवती बसतात, ती निवडा. तिला सही येत नसेल तर अंगठा चालतो. तिला माणसे कळतात हे महत्त्वाचे आहे. समिती हंगाम सुरू होण्यापूर्वी नेमा आणि पहिल्या दिवशी, वजनकाट्याजवळ सगळे जमतात तेव्हा, पाच मिनिटे उभे राहून तोंडी सांगा, कारण फलक वाचणारे तिथे थोडे असतात. काम सोडून गेलेली बाईही नंतर तक्रार करू शकते, हेही सांगा.

तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर ती आपल्या समितीकडे येणारच नाही. ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाईल. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणच्या तक्रारींसाठीही हीच समिती आहे. तिच्या रचनेत महिला व बालविकास किंवा समाजकल्याण पाहणारे अधिकारी पदसिद्ध सदस्य असतात, त्यामुळे जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी केली की तिचा पत्ता लागतो. आणि मालकांना एक सांगा : रात्रपाळीत रुईगाठींच्या शेडपासून स्वच्छतागृहापर्यंतच्या वाटेवर दिवा लावणे हेही कायद्याने त्यांच्यावर टाकलेल्या ‘सुरक्षित वातावरणा’च्या कर्तव्यात येते. समिती नेमण्यापेक्षा तो स्वस्त पडतो, म्हणून मालक बहुधा आधी तेच करतील. करू द्या.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या शाखेत आहे. शाखेत आम्ही सहा जण. शाखाधिकारी पाच महिन्यांपासून रात्री उशिरा संदेश पाठवतात, आधी शुभेच्छा असायच्या, आता जे असते ते इथे लिहवत नाही. तीन आठवड्यांपूर्वी स्ट्राँगरूममध्ये पावत्या लावताना त्यांनी मुद्दाम वाट अडवली. मुख्य कार्यालयात समिती आहे म्हणतात. मागच्या वर्षी प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर माझी सही घेतली होती, प्रशिक्षण झाले नव्हते. वरच्या एका साहेबांना बोलले तर म्हणाले, ‘दोघांना समोरासमोर बसवू, मिटवून टाकू.’ तक्रारीची मुदत संपली का? — नाव नको

उत्तर : ताई, मुदत संपलेली नाही. घटना घडल्यापासून तीन महिने अशी मुदत असली तरी घटनांची मालिका असेल तेव्हा ती शेवटच्या घटनेपासून मोजतात. आपली शेवटची घटना तीन आठवड्यांपूर्वीची आहे. पहिल्या संदेशापासूनचे सगळे तक्रारीत मांडता येईल. मुदत उलटली असती तरी समितीला कारणे लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवता येतात.

आज रात्री करायची कामे सांगते. संदेश खोडू नका, आणि रागाने त्यांचा क्रमांक ब्लॉक करण्याआधी सगळे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह काढून विश्वासातल्या एका माणसाकडे पाठवा. मूळ फोन विकू किंवा बदलू नका. वहीत प्रत्येक घटना एका परिच्छेदात लिहा : तारीख, वेळ, जागा, ते काय बोलले, आपण काय केले, जवळ कोण होते. तारीख आठवत नसेल तर ‘संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी’, ‘सोमवारच्या आठवडी बाजारानंतर’ असे लिहिले तरी चालते. खोटी अचूकता नको. स्ट्राँगरूमच्या प्रसंगात साक्षीदार नव्हता म्हणून तो गाळू नका. अशा घटना साक्षीदार पाहून घडत नसतात, आणि समितीने संभाव्यतेच्या आधारावर, सगळी परिस्थिती पाहून निष्कर्ष काढायचा असतो.

शाखेत सहाच जण असले तरी संस्था मोठी आहे, म्हणून मुख्य कार्यालयातील समितीकडे तक्रार द्या आणि प्रतीवर पोच घ्या. कोणी पोच देत नसेल तर ई-मेल करा. आठवड्याभरात हालचाल दिसली नाही किंवा समितीच अस्तित्वात नाही असे कळले, तर स्थानिक समितीकडे किंवा शी-बॉक्सवर जा.

साहेबांच्या ‘समोरासमोर बसवू’बद्दल : समेट हा शब्द कायद्यात आहे, पण तो तक्रारदार महिलेने स्वतः मागितला तरच. कोणी सुचवला म्हणून तो होत नाही, आणि त्यात पैशांची देवाणघेवाण हा आधार असता कामा नये. आपण ‘नाही’ म्हणालात की विषय संपला. कारण द्यायची गरज नाही. चौकशी चालू असताना आपण लेखी मागितले तर आपली किंवा त्यांची बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा आपल्या कामाचा गोपनीय अहवाल त्यांनी लिहू नये अशी व्यवस्था करता येते. इथे एक सावधगिरी घ्या. संस्थांना बाईची बदली सोपी वाटते. माजलगावची बाई आष्टीला जाते आणि साहेब तिथेच राहतात. अर्जात ‘माझी बदली नको, त्यांची करावी’ असे स्पष्ट लिहा.

समितीसमोर कोणी ‘तेव्हाच ओरडला का नाहीत?’ असे विचारले तर आपण उत्तर देण्याआधी तो प्रश्न नोंदवून घ्यायला सांगा. बहुतेक वेळा प्रश्न मागे घेतला जातो. याशिवाय पोलिसांत जाण्याचा मार्ग वेगळा आणि समांतर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळ हा गुन्हा आहे, आणि आपली इच्छा असेल तर त्या तक्रारीला मदत करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. दोन्ही करावे, एक करावे की सध्या काहीच करू नये, हे आपण ठरवायचे. न केलेल्या प्रशिक्षणाच्या त्या हजेरीपत्रकाचा उल्लेख मात्र तक्रारीत अवश्य करा.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एक मुख्याध्यापक आहे. बाईंना कामचुकारपणाबद्दल नोटीस दिली की त्या समितीची भीती घालतात. खोट्या तक्रारीला शिक्षा का नाही?

उत्तर : आहे. तक्रार जाणूनबुजून खोटी आणि दुष्ट हेतूने केली, असे चौकशीत सिद्ध झाले तर कारवाईची शिफारस करता येते. पण तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. कायद्याने हे वेगळे लिहून ठेवले आहे. नोटीस द्यायची असेल तर द्या, फक्त ती कामाच्या नोंदींवर आधारलेली असू द्या : किती तास, कोणत्या तारखा, कोणत्या वह्या तपासल्या नाहीत. अशी नोटीस कोणतीही समिती खोडून काढत नाही.

आपल्यासारख्यांचे खरे संरक्षण नीट चालणाऱ्या समितीतच आहे. गोव्यातील एका विद्यापीठाच्या विभागप्रमुखाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. समितीने घाईघाईत चौकशी उरकून त्यांना बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नव्हती, म्हणून १२ मे २०२३ रोजी न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा करण्यास सांगितले. घाईचा तोटा तक्रारदारांनाही झाला, कारण कित्येक वर्षांनंतर पुन्हा सारे आले. तेव्हा समितीला घाबरण्याऐवजी तिला निष्कर्षाची प्रत मागा. आपले म्हणणे मांडण्यासाठी ती दोन्ही बाजूंना द्यावीच लागते.

प्रश्न : आम्ही धारूर भागात ऊसतोड कामगारांबरोबर काम करतो. टोळीतली बाई पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असताना मुकादमाने किंवा ट्रॅक्टरवाल्याने त्रास दिला, तर परत आल्यावर ती कोठे जाणार? तिच्या नावावर ना हजेरी, ना नेमणूकपत्र.

उत्तर : या पत्राला समाधानकारक उत्तर कायद्यात नाही, अर्धे आहे. ते सांगते.

कामाच्या संबंधाने कामगार जिथे जिथे जाते ती सगळी कामाची जागा धरली जाते. फड, कोपी (टोळीची फडावरची झोपडी) आणि कारखान्याने किंवा ठेकेदाराने दिलेले वाहन, तिन्ही त्यात येतात. कराराने माणसे लावणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाराही मालकाच्या व्याख्येत येऊ शकतो, म्हणून मुकादमाकडे ‘मी कोण लागतो’ म्हणण्याची सोय नाही. पण स्थानिक समितीचा अधिकार तिच्या जिल्ह्यापुरता असतो. फड सांगली जिल्ह्यात असेल तर तक्रार तिथल्या समितीकडे, आणि बाई तर एप्रिलमध्ये धारूरला परत आलेली.

मुदतीचा हिशेब इथे फार निकडीचा आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घडलेली घटना मार्चमध्येच तीन महिन्यांची होते, आणि टोळी तेव्हा फडावरच असते. परत येईपर्यंत फक्त वाढीव तीन महिने उरतात, तेही समितीने कारण मान्य केले तर. म्हणून अर्जातच लिहा की ती अमुक तारखेपर्यंत टोळीबरोबर परगावी होती, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नव्हती आणि तिथून निघणे तिला शक्य नव्हते. उचलीचा उल्लेख टाळू नका. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचा एकच घटक, धरला जातो, तिने तोंड उघडले की दोघांचे काम जाते आणि उचल अंगावर येते, हे कारण समितीसमोर आकड्यांसह यायला हवे.

ती स्वतः जाऊ शकत नसेल तर नियमांत एक उपयोगी तरतूद आहे : घटनेची माहिती असलेली कोणतीही व्यक्ती, तिच्या लेखी संमतीने, तिच्या वतीने तक्रार करू शकते. ती व्यक्ती आपण होऊ शकता. तालुक्याचा नोडल अधिकारी तक्रार घेऊन सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवतो. धारूरच्या अधिकाऱ्याने ‘आमचा जिल्हा नाही’ म्हटले तर तसे लेखी मागा आणि तक्रार टपालाने त्या जिल्ह्याकडे पाठवून पावती जपा. पोलिसांबाबत मात्र जिल्ह्याची अडचण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडलेला असो, माहिती जवळच्या ठाण्यात देता येते आणि ती नोंदवून घ्यावी लागते, कर्नाटकातील फडावरची असली तरी.

टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपास, आपले कार्यकर्ते गावोगाव फिरतातच. तेव्हा एका कागदावर आपल्या संस्थेचा क्रमांक आणि ज्या जिल्ह्यात टोळी चालली आहे त्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाचा क्रमांक लिहून प्रत्येक बाईला द्या. कागद हरवतो, म्हणून क्रमांक तिच्या फोनमध्ये नातेवाइकाच्या नावाने साठवून द्या. फोन बहुधा नवऱ्याच्या हातात असतो. संमतीपत्र लागेल तेव्हा ते तिच्या बोलीत लिहा, तिला वाचून दाखवा आणि ‘वाचून दाखवले, समजले’ असे दोन साक्षीदारांसमोर लिहून मगच अंगठा घ्या.